पोलिश स्थलांतरित आणि लैंगिक आरोग्य

पोलंडमधून पश्चिम युरोपात कामासाठी गेलेल्या लोकांच्या लैंगिक वागणुकीत आणि आरोग्यसेवेच्या वापरात होणारे बदल हा सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासाचा विषय आहे. १ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात गेला आणि ब्रिटन, आयर्लंड व स्वीडनने पोलिश कामगारांना लगेच प्रवेश दिला. जर्मनीने २०११ पर्यंत वाट पाहिली. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेले सुमारे ५ लाख ७९ हजार लोक होते.

येणाऱ्यांत विशी-तिशीतल्यांचा भरणा मोठा होता. कित्येक जण एकटे आलेले, किंवा जोडीदार आणि मुले मागे ठेवून. त्यामुळे त्यांच्या वागण्यात जोखीम दिसली, तर ती ‘पोलिश स्वभावा’च्या नावावर टाकणे अन्यायाचे आहे, वय आणि एकटेपणा यांचा वाटा आधी बघायला हवा. एका खोलीत तिघे-चौघे, रात्रपाळी, आठवडाभर गोदामात किंवा बांधकामावर राबून शनिवारी दारू, आणि आईवडील, शेजारी, गावातले पाद्री यांपैकी कोणाचीही नजर नाही, असे ते जगणे असते. दारूच्या नशेतल्या संबंधात कंडोम राहून जातो. मध्य व पूर्व युरोपातून आलेल्यांची लंडनमध्ये पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत पोलिश लोकही होते. नवे जोडीदार आणि पैसे देऊन केलेला संभोग या दोन्हींचे प्रमाण पाहणीतल्या पुरुषांत ब्रिटनमधल्या एकूण पुरुषांपेक्षा जास्त निघाले.

समलिंगी पुरुषांची गोष्ट वेगळी आहे. पोलंडमध्ये समलिंगी विवाह करता येत नाही, आणि २०१९ पासून अनेक स्थानिक संस्थांनी स्वतःला ‘एलजीबीटी विचारसरणीपासून मुक्त’ घोषित करणारे ठराव केले. लंडनला आल्यावर लपून राहण्याची गरज कमी होते. जोडीदार वाढतात, संसर्गाची शक्यताही वाढते. पण मोफत, गोपनीय तपासणी हाताशी येते आणि एचआयव्ही झाला तर उपचारही. हे दोन्ही एकाच मोकळिकीतून येते, म्हणून त्या मोकळिकीलाच धोका म्हणणे मला पटत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत दोन आरोग्यव्यवस्थांमधला फरक ठळक दिसतो. पोलंडमध्ये बाई थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. इंग्लंडमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी बहुधा परिचारिका करते, तीही नोंदणी केलेल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात. तज्ज्ञ डॉक्टर समोर नाही म्हणजे तपासणी वरवरची, अशी शंका अनेकींच्या मनात येते. मग त्या सुट्टीत घरी गेल्यावर तपासून घेतात, किंवा ब्रिटनमधल्या खासगी पोलिश दवाखान्यात पैसे मोजतात. इंग्लंडमधल्या डॉक्टरांकडे त्याची नोंद पोचतेच असे नाही, आणि बाई चाचणी चुकवते आहे असे कागदावर दिसते.

गर्भधारणेबाबत मात्र ब्रिटन बरेच मोकळे आहे. पोलंडचा १९९३ चा गर्भपात कायदा आधीच कडक होता. २२ ऑक्टोबर २०२० च्या निकालात तिथल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भातील गंभीर दोष हे कारणही रद्द केले. इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्यानुसार साधारण २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात होऊ शकतो. संबंधानंतर लगेच घ्यायची गोळी इंग्लंडमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानात मिळते. पोलंडमध्ये २०१५ मध्ये एक गोळी अशी खुली झाली आणि २०१७ मध्ये पुन्हा चिठ्ठीवर गेली.

माहितीची उणीव शाळेपासूनच सुरू होते. पोलंडमध्ये दीर्घकाळ ‘कौटुंबिक जीवनाचे शिक्षण’ हा विषय होता आणि त्यात विवाहाच्या चौकटीवर भर असे. शिवाय नव्या देशात भाषा अडते. भाड्यासाठी आणि बँकेसाठी पुरणारी इंग्रजी जननेंद्रियाची तक्रार सांगताना थिटी पडते. दुभाषा म्हणून मैत्रिणीला किंवा मुलीला नेणे म्हणजे गुपित उघड करणे.

लसीकरणात मात्र पुढच्या पिढीला स्थलांतराचा लाभ झाला. एचपीव्ही या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो; त्यावरची लस ब्रिटनच्या शाळांत मुलींना २००८ पासून मोफत मिळू लागली. पोलंडमध्ये देशव्यापी मोफत कार्यक्रम जून २०२३ मध्ये सुरू झाला.