‘जैविक तणनाशक आहे का?’ असं विचारण्याआधी

डिसेंबर लागला की दुकानात रोज दोघं-तिघं हेच विचारतात. उभ्या गव्हातलं तण मारून गहू तेवढा राखेल असं जैविक औषध आमच्याकडे नाही. जे करायचं ते बियाणं घेताना आणि पेरताना.

वाण निवडताना बहुतेक जण ओंबी बघतात. पण तणाशी झुंज ठरते पहिल्या ३०-४० दिवसांत. तेव्हा ओंबी कुठली? दुकानामागच्या वाफ्यात आम्ही दरवर्षी चार-पाच वाण शेजारी शेजारी पेरतो. पंचविसाव्या दिवशी वाकून बघा. एकाची पानं आडवी पसरून ओळीतली माती झाकलेली असते. शेजारच्याची पानं ताठ उभी, आणि मधल्या उन्हात चंदनबटव्याचं तण मजेत वाढलेलं. (काहीजण ते भाजीला नेतात, खुशाल न्या.)

“उंच वाण द्या” म्हणणारेही पुष्कळ. उंचीने सावली पडते हे खरं, पण खत जास्त झालं आणि वारा सुटला की पीक लोळतं. शिवाय खपली गहू म्हटला की उंचच, असंही नाही. खपलीतली एनपी २०० उंच वाढते. आपल्या पुण्यातल्या आघारकर संस्थेची एमएसीएस २९७१ बुटकी. तेव्हा नुसती ‘खपली’ मागू नका, वाणाचं नाव सांगा. ज्वारीत मालदांडी उंच, पण टारफुला या तणापुढे उंचीचं काही चालत नाही. तो ज्वारीच्या मुळांनाच चिकटतो.

खरा वेळ खाते ती विरळ पेरणी. बियाणं महाग म्हणून एकरी पंचवीस किलोत भागवायचं, तेही हाताने फेकून. मग ओळच नाही, तर ओळींमधलं तण काढणारं कोळपं कुठून चालवणार? खुरपायला बाया लावाव्या लागतात आणि वाचवलेले पैसे पहिल्याच खुरपणीत जातात. गहू एकरी ४० ते ५० किलो, पाभरीने (ओळीत पेरायच्या अवजाराने), २० सेंटिमीटरवर ओळी धरून पेरा. त्या ओळीत चालणारं अरुंद पासेचं (पात्याचं) हातकोळपं आमच्याकडे मिळतं.

हराळी आणि लव्हाळा मात्र कुठलाच वाण दाबत नाही. हराळीच्या काशा (जमिनीतली खोडं) आणि लव्हाळ्याच्या गाठी उन्हाळ्यातच वेचून काढा.

बी देण्याआधी आम्ही रान कसलं, पाणी किती, गेल्या साली तण कोणतं, हे विचारतो. “पैसे घ्या, चौकशी कसली करता?” म्हणून काहीजण चिडतात. पण फोडलेली पिशवी आम्ही परत घेत नाही, म्हणून आधीच विचारलेलं बरं. पेरणीच्या आठवडाभर आधी या. वाफसा आल्यावर, म्हणजे रान पेरणीजोगं झाल्यावर आलात तर उरलं असेल तेच न्यावं लागेल.