आयोवाच्या सरळ हद्दी सरळ का नाहीत

अमेरिकेचा नकाशा पाहिला की बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो: या लोकांनी दिवाणखान्यात बसून, कागदावर पट्टी ठेवून राज्ये आणि जिल्हे आखून टाकले असणार. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या आयोवा राज्याच्या एका नकाशाखाली हाच शेरा मी नुकताच पुन्हा वाचला. त्या नकाशात ९९ काउंट्या जवळजवळ बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडलेल्या दिसतात. काउंटी म्हणजे कारभाराच्या दृष्टीने आपला जिल्हा, आकाराने मात्र आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. पट्टीचा आरोप अर्धा खरा आहे. पण नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला, तर त्या सरळ रेषा मधेच तुटून शेकडो मीटर बाजूला सरकलेल्या आढळतात. या सरकण्याचे कारण राजकारणात नाही, पृथ्वीच्या गोलपणात आहे.

सुरुवातीला अशी काही चौकट नव्हती. ब्लॅक हॉक युद्धानंतर १८३२च्या कराराने सॉक आणि मेस्क्वाकी या मूळनिवासी लोकांकडून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा पट्टा काढून घेण्यात आला, आणि १८३४ मध्ये मिशिगन प्रदेशाच्या (राज्याचा दर्जा मिळण्याआधी अशा मुलखाला ‘प्रदेश’ म्हणत) विधिमंडळाने तेथे फक्त दोन काउंट्या केल्या: उत्तरेला डब्यूक आणि दक्षिणेला डेमॉइन. नदीतल्या रॉक आयलंड बेटाच्या खालच्या टोकापासून सरळ पश्चिमेकडे जाणारी कल्पित रेषा ही दोघींमधली हद्द. पुढे हा मुलूख १८३६ मध्ये विस्कॉन्सिन प्रदेशात गेला, १८३८ मध्ये आयोवा हा स्वतंत्र प्रदेश झाला आणि २८ डिसेंबर १८४६ रोजी राज्य झाला. वस्ती वाढत गेली तशी या दोन काउंट्यांची वाटणी होत गेली, थोरल्या वाड्याच्या होते तशी. दरम्यान १८३६ पासून सरकारी मोजणीदार कामाला लागले होते, आणि पुढच्या हद्दी बेटाच्या टोकावरून नव्हे, तर त्यांनी जमिनीवर पाडलेल्या चौकोनांवरून ठरू लागल्या.

या मोजणीचा पाया १७८५च्या कायद्यात आहे. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिच्यात प्रत्येकी एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, आणि त्यांतला सोळावा शाळेसाठी राखलेला. हत्यार होते एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाची ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी. अशा ८० साखळ्यांचा एक मैल होतो आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. आपल्याकडच्या वाचकाला हे हिशेब परके वाटण्याचे कारण नाही. मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी बरोबर याच्या निम्मी, म्हणजे ३३ फुटांची होती. तिचा चौरस १०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला गुंठा, आणि असे ४० गुंठे मिळून तोच एकर. सातबाऱ्यावरचा गुंठा आणि आयोवातले मक्याचे शेत एकाच साखळीच्या घराण्यातले आहेत.

प्रत्यक्ष काम असे चाले. दोन माणसे साखळी ओढत. पुढच्याच्या हातात अकरा खुंट्या असत, तो साखळी ताणून एक खुंटी रोवी आणि मागचा ती उपटून घेत पुढे येई. कोपऱ्यावर झाड असेल तर त्यावर खूण कोरली जाई. पण आयोवाच्या गवताळ माळावर मैलोन्‌मैल झाड नाही, तेथे मातीचा उंचवटा करून त्याखाली कोळसा किंवा जळका खुंट पुरत, कारण लाकूड कुजते, कोळसा कुजत नाही.

दिशेची अडचण वेगळीच होती. चुंबकसूची खऱ्या उत्तरेकडे बोट दाखवत नाही. त्या काळी आयोवात ती खऱ्या उत्तरेपासून काही अंश पूर्वेकडे झुकत असे आणि जवळपास लोहखनिज असले तर आणखी भरकटे. विल्यम ऑस्टिन बर्ट याने सूर्याच्या स्थितीवरून खरी उत्तर देणाऱ्या होकायंत्राचे पेटंट १८३६ मध्ये घेतले, ते याच त्रासाला कंटाळून. दारात मोबाइलचे होकायंत्र धरून ‘तुमचा ईशान्य कोपरा बिघडला आहे’ असे सांगणाऱ्या वास्तुतज्ज्ञांना हा फरक ठाऊक असतो का, हे एकदा विचारून पाहावे. महाराष्ट्रात तो सध्या शून्याच्या जवळपास आहे, म्हणून त्यांचे निभावते.

आता मूळ मुद्दा. टाउनशिपच्या पूर्व आणि पश्चिम कडा खऱ्या उत्तरेकडे जायच्या, म्हणजे त्या रेखावृत्तांवर असायच्या. आणि रेखावृत्ते समांतर नसतात, ती ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात. आयोवाच्या दक्षिण टोकाशी एक रेखांश सुमारे ८५ किलोमीटर रुंद आहे, तर उत्तर सीमेवर सुमारे ८१. याचाच अर्थ असा की ‘सहा मैलांचा चौरस’ ही गोष्ट पृथ्वीवर अस्तित्वातच असू शकत नाही. दोन रेषांमधले अंतर गुणिले उत्तरेकडे कापलेले अंतर गुणिले अक्षांशाचा टॅन्जंट, आणि या सगळ्याला पृथ्वीच्या त्रिज्येने भागायचे, म्हणजे रेषा किती जवळ आल्या ते मिळते. ४२ अंशांवर टॅन्जंट ०.९ धरला आणि त्रिज्या ३९५९ मैल, तर एका टाउनशिपमध्ये वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे ४३ फुटांनी आखूड निघते. चोवीस मैल लांब-रुंद काउंटीसाठी हाच आकडा सुमारे ६९० फुटांवर, म्हणजे २१० मीटरवर जातो, कारण बाजू चौपट झाली की तूट सोळा पट होते.

ही तूट तशीच साचू दिली तर उत्तरेकडच्या शेतकऱ्याला सतत कमी जमीन मिळेल. म्हणून दर काही टाउनशिपनंतर एक पूर्व-पश्चिम दुरुस्ती रेषा आखत आणि तिच्यावर सहा मैल पुन्हा नव्याने मोजत. दहा टाउनशिपनंतर टाउनशिपांचा प्रत्येक उभा पट्टा सुमारे ४३० फुटांनी चिंचोळा झालेला असतो. रेषेच्या वर तो पुन्हा पूर्ण रुंदीने सुरू होतो, त्यामुळे खालची उभी रेषा आणि वरची उभी रेषा जुळत नाहीत. प्रमाण मानलेल्या रेखावृत्तापासून पहिल्या पट्ट्याशी हा खांदा ४३० फुटांचा, दुसऱ्याशी ८६०चा, पाचव्याशी दोन हजारांहून अधिक. आयोवात अशा दोन दुरुस्ती रेषा आहेत. तेथे सरळ जाणारा रस्ता अचानक काटकोनात वळतो आणि थोडे पुढे जाऊन पुन्हा उत्तरेला लागतो, आणि काउंटीची हद्दही तशीच पायरी चढते. टाउनशिपच्या आतल्या उरलेल्या चुका उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या अकरा सेक्शनांत ढकलायच्या, असा नियमच होता.

काउंटी म्हणजे अशा टाउनशिपांचा गठ्ठा. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर ज्या एम्स गावी शिकले आणि शिकवू लागले, ते स्टोरी काउंटीत आहे: चार गुणिले चार, सोळा टाउनशिप, कागदावर ५७६ चौरस मैल आणि प्रत्यक्षात सुमारे ५७३. जानेवारी १८५१ मध्ये विधिमंडळाने एका कायद्याने असे सुमारे पन्नास गठ्ठे एकदम बांधले. त्यांतल्या वायव्येकडच्या भागावर तेव्हा डकोटा या मूळनिवासी लोकांचा हक्क होता; तो सोडून देणारे करार त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात झाले, म्हणजे हद्दी आधी आणि जमीन नंतर. नावे मेक्सिकोच्या युद्धातल्या लढायांची होती, जशी ब्वेना व्हिस्टा किंवा पालो आल्टो, आणि आयरिश देशभक्तांचीही. वस्ती करायला आलेली माणसे मात्र नव्हती. ऑसिओला काउंटीचा स्वतःचा कारभार सुरू व्हायला १८७०चे दशक उजाडले.

राज्याच्या १८५७च्या घटनेने नव्या काउंटीला किमान ४३२ चौरस मैलांची अट घातली. हा आकडा बारा टाउनशिपांचा, बारा गुणिले छत्तीस. पण उत्तर सीमेवरच्या बारा टाउनशिपांच्या काउंट्या मोजल्या की ४०० चौरस मैलांच्या आसपास भरतात. मला याचे सगळे खापर रेखावृत्तांवर फोडायला आवडले असते, परंतु हिशेब तसे करू देत नाही: त्यांच्यामुळे फार तर सहा-सात चौरस मैल जातात, उरलेली तूट राज्याच्या ४३ अंश ३० मिनिटांच्या सीमेने शेवटची रांग कापल्यामुळे येते. घटनाकारांनाही हे ठाऊक असावे, कारण वर्थ काउंटी आणि तिच्या पश्चिमेच्या सीमेवरील काउंट्यांना त्याच कलमात सूट आहे. १८७० मध्ये कोसूथ काउंटीच्या उत्तरेकडच्या तीन रांगा तोडून क्रॉकर ही नवी काउंटी केली गेली. तेथे पूर्वी बँक्रॉफ्ट नावाची काउंटी होती, पण ती १८५५ मध्येच कोसूथमध्ये विलीन झालेली असल्याने सूट लागू झाली नाही. क्षेत्र ४३२ भरत नाही, म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७१ मध्ये क्रॉकर काउंटी रद्द ठरवली. त्या बारा टाउनशिप कोसूथला परत मिळाल्या आणि अठ्ठावीस टाउनशिपांची कोसूथ आजही क्षेत्रफळाने आयोवातली सर्वांत मोठी काउंटी आहे.