डिजिटल प्रशिक्षणाआधी एचपीआर नोंदणी: नर्सेसचे अर्ज नेमके कुठे अडतात

संगणकावर केस भरणं, रुग्णाची आभा (डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) जोडणं, रिपोर्ट ऑनलाइन चढवणं हे सगळं शिकवायचा दिवस ठरतो आणि त्यातला निम्मा वेळ ओटीपीची वाट बघण्यात जातो. कारण बऱ्याच सिस्टरांचा एचपीआर आयडी तयार नसतो किंवा असला तरी पडताळणीत लटकलेला असतो. तेव्हा हे काम आधीच उरकून घ्या.

एचपीआर म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनची आरोग्य व्यावसायिकांची नोंदवही. नोंदणी मोफत आहे. नर्सिंगचं एएनएम, जीएनएम, बीएस्सी, पोस्ट बेसिक, एमएस्सी असं कोणतंही शिक्षण झालेलं असो, राज्य नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी हवी. 'चालू' या शब्दावर बोट ठेवा. रिन्यूअल संपलेलं असेल तर आधी ते करा, मगच इकडे या. शिक्षण एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्या राज्यात असेल, तर अर्जात कौन्सिल निवडताना तुमची नोंदणी ज्या राज्यात आहे तेच निवडायचं, कामाचं ठिकाण नव्हे.

कागद तीनच: आधार, कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र, पदवी किंवा पदविका. स्कॅन रंगीत आणि पूर्ण पानाचा हवा. चारही कडा दिसल्या पाहिजेत. मोबाइलवर तिरपा काढलेला, शिक्का अर्धा कापलेला फोटो परत येतोच.

खरी अडचण नावाची. कौन्सिलच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. शिवाय एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. पोर्टल नाव आधारवरून उचलतं, कौन्सिल मात्र आपल्या दप्तराशी ताडून बघतं आणि दोन्ही जुळत नाहीत. अशा वेळी आधार बदलायला धावू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि ते बँक, पगार, पीएफ सगळीकडे जोडलेलं असतं. त्यापेक्षा विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र लावून कौन्सिलकडचं नाव दुरुस्त करून घेणं शहाणपणाचं. त्याला वेळ लागतो, हेलपाटेही पडतात. लग्नानंतर नाव बदलणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट, तरी त्यासाठी बाईला दोन दप्तरांमध्ये फिरावं लागतं, हे काही बरं नाही.

दुसरी अडचण मोबाइलची. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर जुना, बंद पडलेला किंवा वडिलांचा असेल तर अर्ज पहिल्याच पायरीवर थांबतो. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या आणि तो नोंदला गेल्याचा मेसेज आल्यावरच अर्ज उघडा.

बाकी पायऱ्या सोप्या: एचपीआरच्या पोर्टलवर आधार, ओटीपी, 'नर्स' हा प्रकार, युजरनेम, मग शिक्षण, नोंदणी आणि कामाची माहिती. नोंदणी क्रमांक प्रमाणपत्रावर आहे तसाच टाका. आकड्याआधी अक्षरं किंवा भागक्रमांक असेल तर तोही सोडू नका. जीएनएमवाल्यांकडे नर्स आणि मिडवाइफ अशा दोन नोंदण्या असतात, तिथे एकीचा क्रमांक दुसरीच्या रकान्यात जातो.

आयडी मिळाला म्हणजे झालं, असं समजू नका. अर्ज शेवटी 'सबमिट' करावा लागतो. अनेकींची माहिती मसुद्यातच पडून राहते आणि कौन्सिलकडे काही पोचतच नाही. सबमिट केल्यावर कौन्सिल पडताळणी करतं. अधूनमधून लॉगिन करून स्थिती बघा. शंका काढली असेल तर ती तिथेच दिसते.

आणखी एक गोंधळ: आभा क्रमांक १४ अंकी, एचपीआर आयडीही १४ अंकीच. प्रशिक्षणाच्या फॉर्ममध्ये सर्रास आभा लिहिली जाते. आभा ही रुग्ण म्हणून तुमची ओळख. एचपीआरच्या युजरनेमच्या शेवटी 'एचपीआर डॉट एबीडीएम' असतं, आभा पत्त्याच्या शेवटी नुसतं 'एबीडीएम'. नर्सिंग कौन्सिलच्या प्रणालीतला एनयूआयडी हा तिसराच क्रमांक, तोही इथे चालत नाही.

प्रशिक्षणाला जाताना आयोजकांना एक प्रश्न जरूर विचारा: याला कौन्सिलची सीएनई (नोकरीत असताना घ्यायचं निरंतर नर्सिंग शिक्षण) मान्यता आहे का? भारतीय परिचर्या परिषदेने रिन्यूअलसाठी ५ वर्षांत १५० सीएनई तासांची अट घातली आहे. मान्यता नसेल तर हजेरीचं प्रमाणपत्र फाइलला लागेल, तासांत धरलं जाणार नाही.

पोर्टल अडलं तर टोल फ्री १८००-११-४४७७. फोन करताना अर्ज क्रमांक आणि पडद्यावर चूक दाखवणाऱ्या संदेशाचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा.