मुदतपूर्व शुल्क आणि हँडसेटची बाकी: रेंज नसेल तर यांतले काय टळू शकते?

घरात रेंज येत नाही म्हणून मोबाइलचा करार मुदतीआधी मोडायला निघालेल्या ग्राहकापुढे कंपनी बहुधा एकच आकडा ठेवते आणि तो सगळाच दंड आहे असे समजून ग्राहक वाद घालू लागतो. त्या आकड्यात मात्र पुष्कळदा दोन निराळ्या रकमा असतात: मुदतपूर्व शुल्क आणि हप्त्यांवर घेतलेल्या हँडसेटची बाकी.

मुदतपूर्व शुल्क हे न वापरलेल्या महिन्यांच्या सेवेबद्दल असते. 24 महिन्यांच्या करारातले 9 महिने झाले असतील, तर अनेक करारांत ते उरलेल्या 15 महिन्यांच्या आकारणीवरून काढले जाते. काही करारांत ते ठरावीक असते आणि महिन्यागणिक उतरत जाते. हँडसेटची बाकी म्हणजे हातात आलेल्या वस्तूची न फिटलेली किंमत, म्हणजे याच उदाहरणात 15 हप्ते. फोन चांगला चालत असेल आणि आपल्याकडेच राहणार असेल, तर रेंजच्या नावाखाली हे हप्ते चुकवता येत नाहीत, आणि त्यांना दंड म्हणणे मला तरी पटत नाही. रेंजची तक्रार लागू पडते ती पहिल्या रकमेला, कारण जी सेवा मिळालीच नाही तिच्या पुढच्या महिन्यांचे पैसे कशाबद्दल, हा प्रश्न तिथेच विचारता येतो.

खरी गफलत होते ती फोनची किंमत मासिक आकारणीत मुरवलेली असते तेव्हा. बिलावर हप्त्याची ओळच नसते, फोन ‘मोफत’ मिळाल्यासारखा वाटतो आणि त्याची किंमत मुदतपूर्व शुल्काच्या पोटात शिरते. अशा वेळी शुल्क माफ करा म्हणण्याआधी त्या रकमेची फोड लेखी मागावी.

शुल्काविरुद्ध भांडायचे तर पुरावा लागतो, कारण प्रत्येक ठिकाणी सेवा मिळेलच याची हमी नाही, असे कलम करारात बहुधा असतेच. कंपनीचा कव्हरेज नकाशा संगणकाने काढलेला अंदाज असतो, आणि तो उघड्यावरचा असेल तर जाड काँक्रीट किंवा धातूचा लेप दिलेल्या काचा ओलांडून आत किती सिग्नल पोहोचतो, हे त्यावरून कळत नाही. फोनवरच्या काड्याही भरवशाच्या नाहीत. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा ठरवतो. त्यापेक्षा बऱ्याच अँड्रॉइड फोनांच्या सेटिंगमध्ये, सिमच्या स्थितीच्या पानावर दिसणारा, सिग्नलची शक्ती सांगणारा उणे आकडा (dBm) टिपून ठेवावा; तो 10 ने खाली गेला की शक्ती दहावा हिस्सा उरते. खिडकीशी उणे 85 आणि आतल्या खोलीत उणे 115 दिसले, तर आत पोहोचणारी शक्ती खिडकीशी असलेल्या शक्तीच्या एक हजारांश आहे. वेगवेगळ्या दिवशी, त्याच जागी घेतलेल्या अशा नोंदी तक्रारीच्या क्रमांकासह जोडल्या, की ‘रेंज येत नाही’ या वाक्याला वजन येते.

नोंदी घेताना आपले सिम त्याच जागी दुसऱ्याच्या फोनमध्ये घालून पाहायला विसरू नये. तिथे रेंज नीट आली, तर दोष बहुधा आपल्या हँडसेटमध्ये असतो आणि सगळे प्रकरण उलटते: मुदतपूर्व शुल्काविरुद्धचा मुद्दा लंगडा पडतो, आणि ज्या हँडसेटच्या हप्त्यांबद्दल तक्रारीला जागा नव्हती त्याचीच, तो वॉरंटीत असल्यास, दुरुस्ती किंवा बदली मागता येते.