खोडव्यावरचा केवडा: पिवळ्या पानामागचा इतिहास

वाळवा-पलूसकडच्या चुनखडीच्या रानात उसाचा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून येणारे पुढचे पीक, फुटला की पोंग्यातली (शेंड्याच्या गुंडाळीतली) नवी पाने पुष्कळदा पिवळी निघतात. शिरा तेवढ्या हिरव्या, मधल्या पट्ट्या फिक्या. दुर्लक्ष झाले तर पान पांढरेफटक. आपण म्हणतो, केवडा पडला. मग हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, फवारायची, हिरवेपणा परततो, आणि ‘लोह कमी होते’ म्हणून विषय मिटतो. मला तो तिथे मिटवावासा वाटत नाही.

लोहाचा उपाय जुनाच. फ्रान्समध्ये युसेब ग्री यांनी १८४०च्या दशकात पिवळ्या पानांना लोहाचे क्षार देऊन ती हिरवी करून दाखवली. पुढे विल्स्टेटर यांनी हरितद्रव्याच्या रेणूत मॅग्नेशियम असते हे दाखवले. त्यांना १९१५चे नोबेल मिळाले ते याच कामाला. लोह त्या रेणूत नाहीच! मग लोह दिल्यावर पान हिरवे का होते?

एक कारण सरळ आहे: हरितद्रव्य घडताना मधल्या एका टप्प्यावरच्या विकराला (एन्झाइमला) लोह लागते. दुसरे कळायला वेळ लागला. ऑस्कर लोव्ह यांनी तंबाखूच्या पानांवर काम करताना १९०१मध्ये ‘कॅटालेज’ हे नाव दिले. हिरवे पान कुटून त्यावर औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, फसफसून फेस येतो. तेच हे विकर. त्याच्या गाभ्यात लोह असते. १९६९मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज ओळखले. उन्हात पानाला पेलवेल त्याहून जास्त ऊर्जा मिळाली की ऑक्सिजनचे दाहक रूप, सुपरऑक्साइड, तयार होते. हे विकर त्याचे पेरॉक्साइड करते आणि हरितलवकातले (पानाच्या पेशीत हरितद्रव्य असते त्या भागातले) ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज त्या पेरॉक्साइडचे पाणी करते. या दुसऱ्या विकरातही लोहच.

म्हणजे ही विकरे हरितद्रव्य बनवत नाहीत, ते जिथे बनते ती जागा जळू देत नाहीत. हा फरक ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिलेली बाटली विकत घेताना जरूर ध्यानात ठेवावा. मात्र राखण नसेल तर घडणही थांबते. २००८मध्ये जपानी संशोधकांनी अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या हरितलवकातली लोहाची दोन डिसम्युटेज बंद पाडली, तेव्हा रोपे जवळजवळ पांढरी निघाली. लोहाचा पुरवठा मात्र होता तेवढाच होता.

आपल्या रानातही लोह असतेच. चुन्यामुळे ते मुळांना नीट उचलता येत नाही, आणि जे पानात पोचते तेही सगळे कामी येत नाही. पिवळ्या पानातले एकूण लोह कधीकधी हिरव्या पानाइतके भरते, कॅटालेज मात्र कमी भरते.