वखारींच्या जागी फ्लॅट: सांगलीच्या वखारभागाची पार्श्वभूमी

सांगलीच्या वखारभागात जुनी वखार पाडून तिथं खाली गाळे आणि वर फ्लॅट उभे राहणं आता नवं राहिलेलं नाही. पण या पुनर्विकासाची चर्चा एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं) आणि रस्त्याची रुंदी यांच्या पुढं सहसा जात नाही. हा भाग कशासाठी वसला, माल इथून का गेला आणि कृष्णेचं पाणी इथं कसं चढतं, हे आधी पाहिल्याशिवाय इथं काय आणि कसं बांधायचं हे ठरवता येणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

१८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि कृष्णाकाठची सांगली संस्थानाची राजधानी झाली. किल्ला, गणपतीचं देऊळ आणि पेठा यांबरोबर व्यापारीही आले. लिंगायत, जैन, गुजर, मारवाडी अशी घराणी इथं स्थिरावली. १९०७ मध्ये मिरजेहून मीटरगेजचा फाटा थेट गावात आला आणि माल हलवणं सोपं झालं. १९२९ मध्ये आयर्विन पूल झाल्यावर नदीपलीकडचा मालही बारमाही येऊ लागला. हळद, गूळ, शेंगदाणा या तीन मालांवर शहर उभं राहिलं. कापडाचा धंदाही होता. दादासाहेब वेलणकरांच्या गजानन मिलच्या साड्यांना चांगलं नाव होतं. पण पेठेतला रोजचा पैसा फिरायचा तो हळदीवर.

ही हळद वर्षभर टिकायची कशी, तर पेवांमध्ये. शहराला लागून असलेल्या हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीच्या पोटात ही पेवं खोदलेली. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मात्र पोट रुंद. तळाला आणि कडेनं पाला-काडाचा थर द्यायचा, हळद भरायची आणि वरून मातीनं तोंड बंद करायचं. आतली हवा संपली की कीड जगत नाही, हेच त्यातलं शास्त्र. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी तोंड मोकळं ठेवून हवा खेळू द्यायची, मग दोरीनं कंदील सोडायचा. तो विझला तर आणखी थांबायचं. ही घाई जिवावर बेतते, हे इथल्या हमालांना कुणी शिकवावं लागत नसे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागं पेवांची ही परंपराही आहे.

शहरातल्या वखारीही अशाच कामातून घडल्या. जोतं उंच, कारण पोतं बैलगाडीच्या साट्यावरून सरळ ओट्यावर घेता यावं. दार रुंद, छप्पर उतरतं आणि खिडक्या कमी. आत अडत्या, दिवाणजी, तोलार, हमाल. हळकुंडं आणि गड्डे वेगळे काढायला बसलेल्या बायका. मागच्या खोल्यांत आणि आसपासच्या बोळांत हीच माणसं भाड्यानं राहायची. तालीम, गणपतीचं मंडळ, एकमेकांच्या लग्नाला लागणारी भांडी आणि अडीनडीला मिळणारी उचल हे सगळं त्या कामाच्या ओळखीतून उभं राहिलेलं होतं. शेजार आणि रोजगार एकाच गल्लीत असण्याचा हा फायदा कागदावर कुठंच दिसत नाही, म्हणून पुनर्विकासाच्या हिशेबात तो धरलाही जात नाही.

माल गेला तो हळूहळू. बाजार समितीचं मार्केट यार्ड झालं आणि सौदे तिकडं सरकले. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला आणि गावातला जुना फाटा मागं पडला. स्टेशन चौक राहिला, स्टेशन गेलं. ट्रकला पेठेतले बोळ पुरेनात. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालाला नोंदणी आणि हक्क मिळाले, ही मोठीच गोष्ट, पण त्याचं काम आता यार्डात होतं आणि घर वखारभागात. पुढं शीतगृहं आली. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि त्या पद्धतीचा कणाच मोडला.

पुराचा मुद्दा इथं थोडा सविस्तर मांडायला हवा. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ च्या पुढं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५० च्या वर. २०१९ ला गावभाग, खणभाग यांच्याबरोबर वखारभागही पाण्यात होता. वखारीत माल भिजला तर ते व्यापाऱ्याचं नुकसान होतं. आता त्याच जागी संसार आहेत. गावात परवडेना म्हणून गुंठेवारीत, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून झालेल्या वस्त्यांत, गेलेल्यांचंही सुटलं नाही. शामरावनगरात साध्या पावसाळ्यातही पाणी साचतं.

नदीकाठच्या बांधकामासाठी पाटबंधारे खात्याच्या दोन पूररेषा आहेत. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे या दोन रेषांमधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर वर हवं. नियम योग्यच आहे. मात्र एक इमारत उंच झाली आणि तिनं आवारात भराव टाकला, की पाणी शेजारच्या बैठ्या घरात आणि बोळात जास्त साठतं. तिथं बहुतेक ते जुने भाडेकरूच राहतात, ज्यांचं नाव ना सातबाऱ्यावर ना विकसन करारात. प्लॉटगणिक परवानगी देण्याऐवजी अख्ख्या गल्लीचा उतार, नाला आणि तिथं राहणारी माणसं एकत्र धरून आराखडा करता येतो. त्यासाठी आधी गल्लीवार नोंद हवी: कोण कुठल्या खोलीत, किती वर्षं राहतंय, आणि २०१९ ला त्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं.