महाप्रसादाच्या फॉर्मात 'नान' कुठून आला?

गणपतीला दहा-बारा दिवस उरले असताना मंडळाच्या खजिनदारकाकांचा फोन आला. "अरे, तुझ्या त्या फॉर्मात रकमेच्या जागी 'नान' येतंय. महाप्रसादाला आपण पुऱ्या ठरवल्यायत, हा नान कुठून आणलास?"

फॉर्म मीच केला होता. फुकट, म्हणजे अर्थातच घाईत. दांडिया बाजारातलं आमचं मंडळ छोटंसं, पण बडोद्यात राहायचं तर पान दोन भाषांत लागतं, एक मराठीत आणि एक गुजरातीत. आत कोड एकच, भाषेचा पर्याय तेवढा बदलतो. गंमत अशी की गुजराती पानावर हिशेब चोख येत होता आणि मराठी पानावर नान.

समितीत लगेच निदानं सुरू झाली. एक म्हणाले सर्व्हर डाऊन असेल. दुसऱ्यांनी कॅशे साफ करायला सांगितली. तिसऱ्यांनी हळूच आठवण दिली की साइट सुरू केली त्या दिवशी अमावास्या होती. खरं सांगायचं तर मला या तिघांत फार फरक दिसत नाही. काय बिघडलंय ते न पाहता तीनदा रिफ्रेश मारणं हाही एक नवसच.

'नान' म्हणजे जावास्क्रिप्टचं, ब्राउझरमध्ये ज्या भाषेत पानांचा कोड चालतो तिचं, 'नॉट अ नंबर'. ज्याचा आकडा होऊ शकत नाही अशा गोष्टीचं गणित करायला सांगितलं की जावास्क्रिप्ट भांडत नाही, थांबत नाही, हा शेरा मारून पुढे जाते. (या शेऱ्याचा प्रकार विचारला तर उत्तर येतं 'नंबर'! शिवाय तो स्वतःशीही समान नसतो. १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये दहा दिवसांत ही भाषा उभी केली, पण या विक्षिप्तपणाचा दोष त्यांना देता येत नाही. संगणक ज्याने अपूर्णांकांचा हिशेब करतात त्या 'फ्लोटिंग पॉइंट' अंकगणिताच्या प्रमाणकातच तसं आहे.)

माझ्या कोडात एका ताटाचा दर, ५१ रुपये, आधी पानावर छापला जात होता आणि गुणाकाराच्या वेळी तोच छापलेला मजकूर परत वाचला जात होता. छापताना मी ब्राउझरला सांगितलं होतं, 'या भाषेच्या रीतीने आकडा लिही.' ब्राउझरांकडे प्रत्येक भाषेच्या लिखाणाच्या सवयींची यादी असते. तिच्यात मराठीसाठी देवनागरी अंक हे मूळ ठरलेले आहेत, तर गुजराती आणि हिंदीसाठी इंग्रजी अंक. त्यामुळे गुजराती पानावर दर इंग्रजी अंकांत उमटला आणि मराठीवर आपल्या अंकांत. तुम्हाआम्हाला दोन्ही एकावन्नच. संगणकाच्या लेखी मात्र इंग्रजी पाच हे ५३ क्रमांकाचं अक्षर, देवनागरी ५ हे २४११ क्रमांकाचं आणि गुजराती पाच २७९५ क्रमांकाचं. मजकुराचा आकडा करणारी जावास्क्रिप्टची सोय फक्त इंग्रजी अंक ओळखते. बाकी सगळ्यांना नान.

गुजराती पान वाचलं तेही नशिबानेच. दर हजाराच्या आत होता म्हणून. अकराशे असता तर मध्ये स्वल्पविराम आला असता आणि तिथेही नान. काही जण त्यावर 'पार्सइंट' ही मजकुरातून पूर्णांक काढणारी दुसरी सोय वापरतात. ते स्वल्पविरामापाशी थांबतं आणि अकराशेचा एक रुपया करून देतं. नान परवडला, निदान दिसतो तरी.

दाखवायला सजवलेला आकडा हिशेबाला घ्यायचा नाही, मूळ आकडा बाजूला जपून ठेवायचा, एवढीच यातली दुरुस्ती. पण मोबाइलवर मराठी कीबोर्ड लावून कोणी ५०१ असं देवनागरीत टाइप केलं तर? तिथे रूपांतर करावंच लागतं, आणि ते सोपं आहे. देवनागरी शून्य ते नऊ हे २४०६ ते २४१५ असे ओळीने बसलेले आहेत, इंग्रजी ४८ ते ५७. प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून २३५८ वजा करा, झालं.

नान गेला. दोन दिवसांनी पुन्हा फोन. "चार मोठे आणि दोन लहान, तर बेचाळीस ताटं सांगतंय."

हे जुनं दुखणं. फॉर्मच्या चौकटीतून येणारी किंमत नेहमी मजकूर असते, चौकट आकड्यांची असली तरी. मजकुराला मजकूर जोडला की चार आणि दोन शेजारी बसून ४२ होतात. फसवाफसवी अशी की वजाबाकी, गुणाकार बरोबर येतात, कारण तिथे जावास्क्रिप्ट स्वतःहून आकडा करून घेते. फक्त बेरजेचं चिन्ह दोन कामं करतं. आणि मजकूर म्हणून तुलना केली तर १० हे ९ पेक्षा लहान ठरतात, शब्दकोशात लावावेत तसे. सगळ्यात वाईट रिकामी चौकट. तिचा आकडा केला तर नान नाही, शून्य येतं. कोणाला कळतसुद्धा नाही.

इथवर भाषेच्या खोडी झाल्या. आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो, कारण 'या ब्राउझरमध्ये चालतं, त्यात चालत नाही' या तक्रारींचा मोठा वाटा मला वर्षानुवर्षं तिथेच सापडला आहे.

आमच्या देणगीच्या चौकटीत आधीच १०१ भरलेले होते. एका बाईंनी ते खोडून ५०१ केले, चौकटीत ५०१ दिसत होते, खाली पावतीचा नमुना मात्र १०१ चाच. मी माझ्या लॅपटॉपवर तसंच ५०१ करून, उजवी कळ दाबून 'इन्स्पेक्ट' उघडलं. तिथेही व्हॅल्यू १०१. म्हणजे पडद्यावर एक आणि त्याच क्षणी त्याच ब्राउझरच्या पोटात दुसरंच?

हो, कारण तिथे खरंच दोन गोष्टी आहेत. पानाच्या मजकुरात चौकटीपुढे जे लिहिलेलं असतं ते ॲट्रिब्यूट. तो मजकूर वाचून ब्राउझर स्मृतीत जी जिवंत वस्तू उभी करतो तिच्या अंगावरचं ते प्रॉपर्टी. (मराठीत दोन्हींना 'गुणधर्म' म्हणतात आणि घोळ दुप्पट होतो. प्रॉपर्टी म्हटलं की इथे अलकापुरीतला फ्लॅट आठवतो, ते वेगळं.) अमावास्येवाल्या काकांना मी असं समजावलं: ॲट्रिब्यूट म्हणजे जन्माच्या वेळी मांडलेली पत्रिका, प्रॉपर्टी म्हणजे आज समोर बसलेला माणूस. इन्स्पेक्टमध्ये दिसते ती पत्रिका, आणि माझा कोडही, 'गेटॲट्रिब्यूट' म्हणून, पत्रिकाच विचारत होता.

पण मला आवडतो तो यातला पुढचा भाग. व्हॅल्यूच्या बाबतीत ब्राउझर प्रत्येक चौकटीमागे एक लपलेली खूण ठेवतो. पानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या प्रमाणकात तिचं नाव 'डर्टी व्हॅल्यू फ्लॅग', म्हणजे 'हात लागला' अशी खूण. पान उघडतं तेव्हा खूण खाली असते. तोवर चौकट पत्रिकेच्या आज्ञेत असते. कोडाने ॲट्रिब्यूट बदललं की पडद्यावरचा आकडाही बदलतो. वापरणाऱ्याने एक अक्षर टाइप केलं, किंवा कोडाने प्रॉपर्टीत काही लिहिलं, की खूण वर जाते. त्यानंतर ॲट्रिब्यूटमध्ये काहीही लिहा, पडद्यावर ढिम्म हलत नाही. पत्रिका फाडलेली नसते, जपून ठेवलेली असते, फक्त तिचं ऐकणं बंद झालेलं असतं. फॉर्म 'रीसेट' केला की खूण पुन्हा खाली आणि पत्रिकेतली किंमत परत. चौकटीवर बरोबरची खूण करायच्या 'चेक्ड'लाही अशीच स्वतःची वेगळी खूण आहे.

आता विचार करा, असा कोड तपासणारा माणूस काय करतो. ॲट्रिब्यूट बदलणारी '५०१ द्या', '१००१ द्या' ही बटणं दाबून पाहतो, चौकटीतला आकडा दर वेळी बदलतो, तो खूश होऊन शेव-उसळ खायला जातो. चौकटीत त्याने स्वतः काही टाइप केलेलं नसतं. पहिली खरी देणगीदार बाई टाइप करते आणि त्या क्षणापासून बटणं मरतात. 'कधी चालतं, कधी नाही' अशी तक्रार आली की मी आधी विचारतो: बिघडायच्या आधी चौकटीला हात लावला होता का?

मग हे ब्राउझरवर कसं ढकललं गेलं? त्याला इतिहास आहे. इंटरनेट एक्सप्लोरर, सातव्या आवृत्तीपर्यंत, या दोन गोष्टींत नीट भेदच करत नसे. ॲट्रिब्यूट मागितलं तरी प्रॉपर्टी हातावर ठेवत असे. तिथे माझा चुकीचा कोडसुद्धा बरोबर चालला असता! आणि प्रमाणकाप्रमाणे 'क्लास' हे ॲट्रिब्यूट लावायला गेलं तर तो ऐकत नसे, त्याला 'क्लासनेम' म्हणावं लागे, कारण प्रॉपर्टीचं नाव ते आहे. ('क्लास' आणि 'फॉर' हे जावास्क्रिप्टचे राखीव शब्द, म्हणून प्रॉपर्टींना 'क्लासनेम' आणि 'एचटीएमएलफॉर' अशी टोपणनावं मिळाली.) एका ब्राउझरवर शिकलेली पिढी दुसऱ्यावर अडखळली ती इथे. जेक्वेरी या लोकप्रिय साधनाने २०११ साली, १.६ व्या आवृत्तीत, 'ॲटर' आणि 'प्रॉप' वेगळे केले तेव्हा कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं की या दोन गोष्टी आहेत. १५ जून २०२२ ला एक्सप्लोरर निवृत्त झाला, सवयी राहिल्या.

प्रत्येक ॲट्रिब्यूटचं प्रॉपर्टीशी नातं एकसारखं असतं तर बरं झालं असतं. 'आयडी' आणि 'टायटल' दोन्हीकडून बांधलेले, एक बदललं की दुसरं बदलतं. दुव्याचं 'एचरेफ' ॲट्रिब्यूट तुम्ही लिहिलं तेवढंच देतं, प्रॉपर्टी पूर्ण पत्ता करून देते. चौकटीच्या 'टाइप'मध्ये भलतंच काही लिहिलं तर ॲट्रिब्यूटमध्ये ते तसंच राहतं, प्रॉपर्टी मात्र 'टेक्स्ट' सांगते. एचटीएमएल लहान-मोठी अक्षरं एकच मानतं, जावास्क्रिप्ट नाही. प्रॉपर्टीच्या 'रीडओन्ली'तला ओ मोठा असतो. तो लहान लिहिलात तर चूक दाखवली जात नाही, त्या नावाची एक नवी निरुपयोगी प्रॉपर्टी तयार होऊन मुकाट बसते. इथे वाचक कंटाळला असेल तर त्याने पुढचा परिच्छेद गाठावा, मला मात्र ही यादी आवरवत नाही.

'डिसेबल्ड' या ॲट्रिब्यूटची तऱ्हा तर निराळीच. ते असलं की बटण बंद, नसलं की चालू. त्यात काय लिहिलंय याच्याशी ब्राउझरला कर्तव्य नाही. डिसेबल्ड="फॉल्स" असं लिहिलेलं बटण बंदच असतं. दारावर कुलूप आहे आणि कुलपावर 'हे कुलूप नाही' अशी चिठ्ठी! चालू करायचं तर ॲट्रिब्यूट काढून टाका, किंवा प्रॉपर्टीला फॉल्स द्या. उलट 'ड्रॅगेबल'मध्ये लिहिलेलं फॉल्स मात्र खरंच फॉल्स मानलं जातं. असो.

याच बटणामुळे फायरफॉक्सवाल्या एका काकूंची खरीखुरी ब्राउझरभेदाची तक्रार आली. दोनदा देणगी जाऊ नये म्हणून 'भरा' दाबल्यावर मी ते बटण बंद करत होतो. मध्येच इंटरनेट गेलं, काकूंनी पान रिफ्रेश केलं, बटण बंदच. क्रोममध्ये रिफ्रेश केल्यावर ते चालू होऊन येतं. फायरफॉक्स रिफ्रेशनंतर फॉर्मची आधीची अवस्था लक्षात ठेवतो, आणि त्यात बटण बंद असणंही मोडतं. बटणावर ऑटोकम्प्लीट="ऑफ" लिहिलं की विसरतो. तीनदा रिफ्रेशचा नवस इथे उलटा फिरला होता.

आयफोनवाल्या एकांनी मात्र सफारीत अडलं म्हणून क्रोम टाकून पाहिलं आणि 'दोन्हीकडे बंद आहे' असं ठामपणे कळवलं. आपल्याकडच्या आयफोनवर क्रोमच्या आतही सफारीचंच वेबकिट इंजिन असतं. त्यांनी एकाच डॉक्टरांना दोनदा दाखवलं होतं. त्यांनी पाठवलेल्या फोटोत तक्रार होती 'नल इज नॉट ॲन ऑब्जेक्ट'. क्रोम त्यालाच म्हणतो 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल', फायरफॉक्स ज्या हाकेला उत्तर मिळालं नाही ती हाक लिहून पुढे 'इज नल' म्हणतो. दुखणं एकच: कोडाने चौकटीला हाक मारली तेव्हा ती पानावर नव्हती. बहुतेक वेळा कोड चौकटीच्या आधी धावलेला असतो, आणि स्क्रिप्टची वेगळी फाइल जोडताना तिच्यावर 'डिफर' लिहिलं की पान पुरतं वाचून होईपर्यंत तो थांबतो.

शेवटचा फोन न्यू जर्सीहून, काकांच्या मुलीचा. "दादा, तुमच्या साइटवर स्थापना २६ ऑगस्टला दाखवतंय. आई तर २७ म्हणते."

२०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टलाच होती. मी कोडात नुसती तारीख दिली होती, वर्ष-महिना-दिवस अशी, वेळ न लिहिता. जावास्क्रिप्ट अशी नुसती तारीख ग्रिनिचच्या मध्यरात्रीची मानते. बडोद्यात तेव्हा २७ तारखेचे पहाटेचे साडेपाच असतात, म्हणून इथे कोणाच्या लक्षात आलं नाही. न्यू जर्सीत २६ च्या रात्रीचे आठ. तारखेपुढे वेळ लिहिली की ती स्थानिक धरली जाते. पण दोन्हींच्या मध्ये रोमन टी लागतो. नुसती मोकळी जागा सोडली तर सफारीच्या जुन्या आवृत्त्या तारीखच नाकारतात. मी टी लिहिला, वेळ लिहिली आणि तिला पान पुन्हा उघडायला सांगितलं.

"आलं २७," ती म्हणाली. "आणि दादा, इथे ताटाचा दर देवनागरीत दिसतोय. मुलांना वाचता येत नाही, इंग्रजीत करता येईल?"